यूजरनेम आणि नावावरचा हक्क

सोशल मीडियावर '@' या खुणेपुढे जे नाव लिहिले जाते, त्या यूजरनेमचा पहिला नियम म्हणजे ते एका वेळी एकाच खात्याला मिळते. इन्स्टाग्रामवर त्यासाठी जास्तीत जास्त 30 अक्षरे वापरता येतात, एक्सवर फक्त 15. दोन्हीकडे रोमन अक्षरे, आकडे आणि अधोरेषा चालतात. इन्स्टाग्रामवर टिंबही चालते. नाव देताना ते मागणाऱ्याचा त्या नावावर काही हक्क आहे का, हे कोणी तपासत नाही. ज्याने आधी मागितले, त्याला ते मिळाले. खाते उघडायला काही मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत. त्यामुळे वीस-पंचवीस वर्षे चालत आलेल्या दुकानाचे नाव एखाद्या अनोळखी माणसाच्या खात्यावर दिसणे ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही.

ट्रेडमार्कची रचना याहून वेगळी आहे. एकच नाव वेगवेगळ्या मालासाठी, वेगवेगळ्या सेवांसाठी आणि वेगवेगळ्या देशांत निरनिराळ्या लोकांच्या मालकीचे असू शकते. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण 'सह्याद्री'चे. दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री, पुण्यातली रुग्णालये सह्याद्री, नाशिकजवळची शेतकऱ्यांची कंपनीही सह्याद्री. टीव्हीचा कार्यक्रम, दवाखाना आणि द्राक्षे यांत ग्राहकाची गल्लत होत नाही, म्हणून ही नावे सुखाने शेजारी नांदतात. पण एखाद्या प्लॅटफॉर्मवर निव्वळ 'sahyadri' हे यूजरनेम साऱ्या जगात एकालाच मिळणार. बाकीच्यांना पुढे-मागे काहीतरी जोडावेच लागणार. यूजरनेमच्या बहुतेक तंट्यांचे मूळ इथे आहे, आणि त्यातला प्रत्येक तंटा लबाडीचा असतोच असे नाही.

यूजरनेम ज्याला मिळते तो त्याचा मालक होतो का? प्लॅटफॉर्मच्या अटी वाचल्या तर उत्तर नकारार्थी आहे. खाते हा कंपनीने दिलेला वापराचा परवाना असतो. नावांची विक्री करायला अटींमध्ये मनाई असते आणि नाव काढून घेण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखून ठेवलेला असतो. ट्विटरचे नाव जुलै 2023 मध्ये 'एक्स' झाले, तेव्हा '@x' हे यूजरनेम सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका छायाचित्रकाराकडे बरीच वर्षे होते. कंपनीने ते स्वतःकडे घेतले आणि त्याबद्दल पैसे दिले नाहीत. त्याआधी, 2021 च्या ऑक्टोबरअखेर फेसबुकने 'मेटा' हे नाव घेतल्यावर काही दिवसांतच ऑस्ट्रेलियातल्या एका कलाकार स्त्रीचे 'metaverse' नावाचे इन्स्टाग्राम खाते बंद झाले. ते तिने जवळजवळ दहा वर्षे चालवले होते. दुसऱ्याच कोणाचे सोंग घेतल्याचा ठपका तिच्यावर होता. सुमारे महिन्याभराने, एका वृत्तपत्राने विचारणा केल्यावर, खाते परत मिळाले. वर्षानुवर्षांचे काम ज्या नावावर जमा झालेले असते, ते नाव अशा सैल धाग्याला लटकलेले असावे, हे अन्यायाचे आहे. पण आजची कराराची स्थिती तशी आहे आणि ती ओळखूनच पुढचा विचार करावा लागतो.

प्लॅटफॉर्मशी झालेल्या कराराच्या बाहेर जो हक्क उभा राहतो, तो ट्रेडमार्कचा. भारतात त्यासाठी ट्रेडमार्क कायदा, 1999 आहे. तो 15 सप्टेंबर 2003 पासून लागू झाला. त्यात यूजरनेमचा उल्लेख नाही. कायद्यातल्या व्याख्येनुसार चिन्ह आलेखी स्वरूपात मांडता आले पाहिजे आणि एकाचा माल किंवा सेवा दुसऱ्याच्या मालापासून वा सेवेपासून वेगळी ओळखण्याची क्षमता त्यात असली पाहिजे. नाव, शब्द, अक्षर, अंक, सही, मालाचा आकार, वेष्टन हे सगळे चिन्हात मोडते. म्हणजे यूजरनेम म्हणून वापरलेला शब्द या दोन कसोट्यांना उतरला, तर त्याची नोंदणी होऊ शकते. संरक्षण मिळते ते शब्दाला आणि त्यामागच्या धंद्याला. '@' ही खूण सगळ्यांचीच असल्यामुळे ती जोडल्याने साध्या शब्दाला वेगळेपण येत नाही.

वेगळेपणाच्या कसोटीवर बरीच लोकप्रिय यूजरनेमे गळतात. मसाले विकणाऱ्याला 'goda_masala' हे यूजरनेम मिळाले, तर ते शोधात पटकन सापडेल आणि फॉलोअरही वाढतील. पण मसाल्यासाठी 'गोडा मसाला' हा शब्द मालाचे वर्णन करतो. कायद्याचे कलम 9 अशा वर्णनपर शब्दांची नोंदणी नाकारते. दीर्घ वापराने तो शब्द त्या एकाच विक्रेत्याची ओळख बनला असे सिद्ध झाले तरच अपवाद, आणि ते सिद्ध करणे कठीण असते. गावाच्या नावाचेही तसेच. पैठणी आणि कोल्हापुरी चप्पल यांना तर भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांचे आहे. ही नावे त्या भागातल्या कारागिरांची सामाईक आहेत. 'paithani' हे यूजरनेम एखाद्या दुकानदाराने आधी पटकावले म्हणून दुसऱ्या विणकराला पैठणी हा शब्द वापरण्यापासून तो रोखू शकत नाही. धंद्याला नाव शोधतानाच हा पेच दिसतो. शोधात सहज सापडणारे नाव कायद्यात दुबळे ठरते. बनवलेले किंवा मालाशी संबंध नसलेले नाव लोकांच्या तोंडी बसायला वेळ घेते, पण वाद झाला तर तेच टिकते.

इंटरनेटवरच्या नावाला ट्रेडमार्कचे संरक्षण द्यायचे का, हा प्रश्न भारतीय न्यायालयांपुढे सोशल मीडियाच्या आधी वेबसाइटच्या नावांवरून आला. 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याहूच्या बाजूने 'yahooindia.com' या नावाविरुद्ध मनाई हुकूम दिला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे 'रेडिफ'चा दावा आला. प्रतिवादीने 'radiff.com' हे नाव घेतले होते. 'रॅडिकल' या शब्दाची पहिली तीन अक्षरे आणि 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' व 'फ्री' या शब्दांची एकेक अक्षरे जोडून आपण ते बनवले, असा त्याचा खुलासा होता. न्यायालयाला तो पटला नाही. इंटरनेटवरचे नाव हा निव्वळ पत्ता नसून धंद्याची मोलाची मालमत्ता असते, असे मानून मनाई हुकूम दिला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा निकाल 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात लावला. 'सिफी' हा सत्यम इन्फोवेने आपल्याच नावातून घडवलेला शब्द. प्रतिवादीने 'siffynet' अशी नावे घेतली आणि आपल्या पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून ती तयार झाल्याचे सांगितले. बेंगळुरूच्या न्यायालयाने मनाई केली, कर्नाटक उच्च न्यायालयाने ती उठवली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कायम केली. वेबसाइटच्या नावासाठी भारतात वेगळा कायदा नसला, तरी ट्रेडमार्क कायद्याची तत्त्वे, विशेषतः 'पासिंग ऑफ'चे तत्त्व, त्याला लागू होतात असे या निकालाने ठरले. आपला माल किंवा सेवा दुसऱ्याची म्हणून खपवणे म्हणजे पासिंग ऑफ. त्यासाठी नोंदणी असावी लागत नाही. नावलौकिक, दिशाभूल आणि नुकसान या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. यूजरनेमच्या वादात वकील आजही याच निकालाचा आधार घेतात.

वेबसाइटचे नाव आणि यूजरनेम यांच्यात एक मोठा फरक मात्र राहिला. वेबसाइटच्या नावांसाठी 1999 पासून एक आंतरराष्ट्रीय तंटानिवारण पद्धत आहे आणि '.in' नावांसाठी भारताची स्वतःची लवाद पद्धत आहे. नाव आपल्या ट्रेडमार्कसारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याने ते वाईट हेतूने घेतले आहे, एवढे दाखवले की न्यायालयात न जाता नाव परत मिळू शकते. निर्णय बाहेरचा लवाद देतो आणि तो कारणांसह लिहिलेला असतो. यूजरनेमसाठी असा लवाद नाही. तक्रार ऐकणारी, नियम करणारी आणि पहिला निकाल देणारी एकच कंपनी. घरगुती उद्योगापासून कोचिंग क्लासपर्यंत हजारो छोट्या धंद्यांचे दुकान आज यूजरनेमवरच चालते. त्यांच्यासाठी अशा स्वतंत्र लवादाची गरज वेबसाइटच्या नावांइतकीच, किंबहुना जास्त आहे.

दुसऱ्याचे यूजरनेम आपल्या हक्कावर आक्रमण करते की नाही, हे ठरवताना कायदा काही ठरावीक गोष्टी पाहतो. कलम 29 नुसार वापर 'धंद्याच्या ओघात' झालेला असावा. चिन्ह तेच किंवा फसवे साधर्म्य असलेले असावे. माल किंवा सेवा तीच किंवा तशीच असावी आणि लोकांची गल्लत होण्याची शक्यता असावी. नोंदणीकृत चिन्ह भारतात नावाजलेले असेल, तर वेगळ्या मालासाठी केलेला वापरही अडवता येतो, मात्र त्या वापरातून गैरफायदा घेतला जात असल्याचे किंवा नावाला बट्टा लागत असल्याचे दाखवावे लागते. साधर्म्य पाहताना दोन्ही नावे शेजारी ठेवून भिंगातून पाहायची नसतात. 'अमृतधारा' आणि 'लक्ष्मणधारा' या औषधांच्या वादात 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण बुद्धीच्या आणि नाव अर्धवट आठवणाऱ्या ग्राहकाची कसोटी लावली. ती इथेही लागते. मध्ये अधोरेषा टाकणे, शेवटी 'official' किंवा 'real' जोडणे, एखादे अक्षर दोनदा लिहिणे, इंग्रजी 'ओ'च्या जागी शून्य टाकणे, अशा बदलांनी नाव वेगळे होत नाही. उलट 'official' जोडणाऱ्याचा हेतूच उघडा पडतो.

मराठी नावांची एक खास अडचण रोमन लिपीतून येते. 'ज्ञानदीप' हे नाव उदाहरणापुरते घेतले, तर ते 'dnyandeep', 'dnyandip', 'gyandeep' आणि 'jnandeep' असे चार तऱ्हांनी सहज लिहिता येते. प्लॅटफॉर्मच्या यंत्रणेला ही चार वेगळी नावे दिसतात आणि ती चार जणांना मिळतात. मराठी कानाला मात्र सगळी एकच. भारतीय कायदा उच्चाराला महत्त्व देतो. कलम 29 मध्ये चिन्हाचा तोंडी वापरही आक्रमण ठरू शकतो असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून न्यायालयात उच्चारसाम्याचा मुद्दा चालतो. प्लॅटफॉर्मच्या तक्रारीत तो समजावणे अवघड जाते, कारण तिथे नोंदणीच्या प्रमाणपत्रावरचे नाव आणि खात्यावरचे नाव ताडून पाहिले जाते. प्रमाणपत्रावर देवनागरीतला सुलेखित लोगो आणि खात्यावर रोमन अक्षरे असतील, तर जुळवाजुळव होत नाही. त्यामुळे लोगोबरोबरच साध्या शब्दाचीही नोंदणी करणे, आणि जे रोमन स्पेलिंग रोज वापरले जाते त्याच रूपात एक अर्ज करणे शहाणपणाचे ठरते. त्याचबरोबर जवळची दोन-तीन स्पेलिंगे यूजरनेम म्हणून स्वतःच घेऊन ठेवावीत. त्याला खर्च नाही.

प्रत्येक सारखे यूजरनेम मात्र अडवता येत नाही. स्वतःचे नाव किंवा आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कलम 35 संरक्षण देते. ज्याने नोंदणीच्या आणि नोंदणीधारकाच्या वापराच्याही आधीपासून सातत्याने नाव वापरले, त्याचा हक्क कलम 34 राखते. टीका आणि विडंबनालाही जागा आहे. टाटांच्या ओडिशातल्या धामरा बंदर प्रकल्पामुळे समुद्री कासवांना धोका आहे, असे सांगण्यासाठी ग्रीनपीसने 'टर्टल व्हर्सेस टाटा' नावाचा संगणकीय खेळ काढला होता. 2011 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर अंतरिम मनाई द्यायला नकार दिला. ग्राहकांच्या तक्रारी मांडणारे किंवा चाहत्यांनी चालवलेले खाते आपली ओळख लपवत नसेल आणि माल विकत नसेल, तर तेही साधारणपणे या बाजूला येते. सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे नाव घेऊन वर्षानुवर्षे एकही पोस्ट न टाकता पडून असलेले खाते. धंद्याच्या ओघातला वापरच नसल्यामुळे त्याविरुद्ध कलम 29 लावणे अवघड होते. अशा खातेदाराने नाव सोडण्यासाठी पैसे मागितले, तर तो संवाद जपून ठेवावा. वाईट हेतूचा तोच पहिला पुरावा.

प्रत्यक्ष वादात पहिली पायरी प्लॅटफॉर्मकडची तक्रार. तिथे दोन वेगळे फॉर्म असतात आणि गफलत इथेच होते. कोणी आपण असल्याचे भासवत असेल तर तोतयेगिरीची तक्रार. कोणी आपल्या धंद्याचे नाव वापरून स्वतःचा माल विकत असेल तर ट्रेडमार्कची तक्रार. ट्रेडमार्कच्या फॉर्ममध्ये नोंदणी क्रमांक, देश, मालाचा वर्ग, प्रमाणपत्राची प्रत आणि त्या खात्याचा दुवा द्यावा लागतो. नुसता अर्ज प्रलंबित असेल तर तक्रार पुष्कळदा तिथेच अडते. तक्रार मान्य झाली तरी खाते बंद होणे आणि यूजरनेम मोकळे होऊन आपल्याला मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची मागणी स्वतंत्रपणे करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या प्लॅटफॉर्मला भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या अपील समित्यांकडे 30 दिवसांत ऑनलाइन अपील करता येते. या सोयीची माहिती फार थोड्यांना आहे. तोतया खात्यावरून कोणाला गंडवले गेले असेल, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली पोलिसांत तक्रार होऊ शकते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड.

न्यायालयात जायचे तर समोर कोण आहे हेच पुष्कळदा माहीत नसते. अशा अज्ञात प्रतिवादीला भारतीय न्यायालयांत 'अशोक कुमार' या नावाने उभे करण्याची प्रथा पडली आहे. प्लॅटफॉर्मलाही प्रतिवादी केले जाते आणि खातेदाराचा ईमेल, फोन क्रमांक अशी माहिती उघड करण्याचा आदेश मागितला जातो. नोंदणीकृत ट्रेडमार्कच्या मालकाला एक मोठी सवलत आहे. कलम 134 मुळे तो जिथे राहतो किंवा धंदा करतो, त्या ठिकाणच्या न्यायालयात दावा लावू शकतो. प्रतिवादीच्या गावी जावे लागत नाही. नोंदणी नसलेल्याला पासिंग ऑफचा मार्ग उरतो, पण तिथे नावलौकिक पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो. महाराष्ट्रातून गेलेल्या बृहन् करण शुगर सिंडिकेटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच बजावले. विक्रीचे आणि जाहिरातखर्चाचे आकडे दाखवणारी सनदी लेखापालांची पत्रके दाखल झाली होती, पण ती रीतसर शाबित केली गेली नव्हती; पासिंग ऑफचा दावा टिकला नाही. फॉलोअरच्या संख्येचा स्क्रीनशॉट तर याहून कच्चा पुरावा. बिले, जीएसटीची विवरणे, जाहिरातीच्या पावत्या, जुन्या पोस्ट आणि ग्राहकांचे तारखेसह संदेश हे खरे भांडवल.

नोंदणीचा खर्च छोट्या धंद्याच्या आवाक्याबाहेरचा नाही. 2017 च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचे शुल्क प्रत्येक वर्गासाठी 4,500 रुपये आहे, इतरांना 9,000. वर्ग एकूण 45. लोणची वर्ग 29 मध्ये, मसाले 30 मध्ये, कपडे 25 मध्ये, शिकवण्या आणि मनोरंजन 41 मध्ये. लोणचेही विकणाऱ्या आणि पाककृतीही शिकवणाऱ्या खात्याला म्हणूनच दोन वर्गांचे शुल्क भरावे लागते. अर्जात वापर कधीपासून आहे हे विचारलेले असते. आधीचा वापर सांगितला तर प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. घाईत 'वापर प्रस्तावित' असे लिहून मोकळे होणारे पुष्कळ आहेत, आणि पाच वर्षे जुन्या धंद्याची ती पाच वर्षे ते स्वतःच्या हाताने पुसतात. परीक्षकाने हरकत घेतली तर अहवाल मिळाल्यापासून 30 दिवसांत उत्तर द्यायचे असते. नंतर चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापले जाते आणि चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. नोंदणी 10 वर्षांची, पुढे दर 10 वर्षांनी नूतनीकरण. सलग पाच वर्षे वापर नसेल तर नोंदणी काढून टाकण्याची मागणी होऊ शकते. अर्जापूर्वी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध विनामूल्य घेता येतो. यूजरनेम मोकळे आहे म्हणून ट्रेडमार्कही मोकळा असेल असे मुळीच नाही.

परक्यांशी होणाऱ्या वादांइतकेच घरातले वादही त्रासाचे असतात. अमेरिकेत फोनडॉग या कंपनीत काम करणाऱ्या एका समीक्षकाचे ट्विटर खाते 'PhoneDog_Noah' या नावाने होते. 2010 मध्ये त्याने नोकरी सोडली, यूजरनेम बदलून स्वतःचे नाव लावले आणि सुमारे 17,000 फॉलोअर सोबत नेले. कंपनीने दर फॉलोअरमागे महिना अडीच डॉलर धरून 3 लाख 40 हजार डॉलरचा दावा लावला. 2012 मध्ये तडजोड झाली आणि खाते त्याच्याकडेच राहिले. लग्नाचे पोशाख करणाऱ्या हेली पेज या डिझायनरचा वाद अधिक कडवट झाला. नोकरीच्या करारात तिने आपले नावच कंपनीला ट्रेडमार्क म्हणून दिले होते, आणि दहा लाखांहून अधिक फॉलोअर असलेल्या 'misshayleypaige' या इन्स्टाग्राम खात्याचा ताबाही न्यायालयाच्या हुकमाने कंपनीकडे गेला. जानेवारी 2024 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की सोशल मीडिया खात्याच्या मालकीसाठी खास कसोट्या नकोत. इतर मालमत्तेची मालकी ठरते तशीच, म्हणजे खाते मुळात कोणी आणि कोणासाठी उघडले तिथपासून ती ठरवावी. त्याच वर्षी तडजोड होऊन नाव आणि खाते तिला परत मिळाले.

भारतात ही वेळ बहुधा खाते उघडतानाच ओढवून घेतली जाते. दुकानाचे पान भाच्याच्या फोन नंबरवर उघडले जाते, नाहीतर जाहिरात एजन्सीच्या ईमेलवर. भागीदारीत तर ते कोणाच्या नावावर आहे हे कोणी लिहूनच ठेवत नाही. भागीदार वेगळे झाले की ट्रेडमार्क एकाकडे आणि यूजरनेम दुसऱ्याकडे जाते. भागीदारीच्या करारात, नेमणुकीच्या पत्रात आणि एजन्सीशी होणाऱ्या करारात खात्याची मालकी, पासवर्ड सोपवण्याची मुदत आणि काम संपल्यावर यूजरनेम न वापरण्याची हमी, अशी तीन कलमे घातली तर वादाला आधार उरत नाही. धंदा विकतानाही हेच पाहावे लागते. नोंदणीकृत ट्रेडमार्क रीतसर हस्तांतरित होतो आणि रजिस्ट्रीत नव्या मालकाचे नाव चढते. यूजरनेमची स्वतंत्र विक्री प्लॅटफॉर्म मान्य करत नाही. म्हणून करारात धंदा, नावलौकिक आणि ट्रेडमार्क यांची विक्री लिहून त्याचा भाग म्हणून खात्याचा ताबा, जोडलेला ईमेल आणि फोन नंबर नव्या मालकाकडे देण्याची तारीख घातली जाते.